शेवटच्या कागदापासून तीस वर्षं

३ फेब्रुवारी

ताई,

घरात फोन असताना हा पत्रं कसली लिहीत बसलाय, असं तू म्हणशील. पण तुमचा फोन आत्याच्या उशाशी. मी तुला काही सांगू लागलो की तिचे कान असे टवकारतात की मला इकडे कळतं. आणि ही बातमी इतक्यात तिच्या कानावर जायला नको. वाचून झालं की हे पत्र तुझ्या शाळेच्या जुन्या पिशवीत टाक.

तर बातमी अशी. तुरुंग खात्याचं जुनं दफ्तर आमच्याकडे, सरकारी दफ्तरखान्यात आलं. गोऱ्यांच्या राज्यातलं, होतं नव्हतं ते सगळं. इतकी वर्षं त्यांच्या तळघरात पडून होतं, आता तिथे गाड्या लावायला जागा हवी म्हणून आमच्या गळ्यात मारलं. मी जतन विभागातला, म्हणजे फाटके कागद चिकटवणारा. तू मला शिंपी म्हणतेस ते काही खोटं नाही. गेला महिनाभर आम्ही तिघं नाकाला फडकं बांधून धूळ झाडतोय. घरी जाऊन नाक शिंकरलं की रुमाल काळा होतो. निवृत्तीला दीड वर्ष राहिलंय आणि माझ्या वाट्याला हमाली आली.

दफ्तराबरोबर यादी आली. ती तपासताना आजोबांचं नाव दिसलं. नावापुढे 'छापखान्यात खिळे जुळवणारा', आणि त्यापुढे फाईलचं शीर्षक, 'मृत्यू आणि प्रेताची विल्हेवाट'. मी तिथेच स्टुलावर बसलो. शेजारच्याने विचारलं, चक्कर आली का. मी म्हटलं, धुळीने.

आत्या जन्मभर एकच गोष्ट विचारते आहे, की तिचे वडील तुरुंगात गेले ते ठीक, मेले तेही ठीक, पण त्यांना ठेवलं कुठे. पुरलं, जाळलं, काय केलं. तो तुरुंग पाडून तिथे गोदामं झाली, तेव्हा विचारायला भिंतही उरली नाही. आता हे एकच ठिकाण उरलंय जिथे उत्तर असेल.

पण फाईल बंद विभागात आहे. तुरुंगाच्या फायली ठरावीक मुदतीपर्यंत कुणालाच दाखवत नाहीत, आतल्या कर्मचाऱ्यालाही नाही. तिथल्या अधिकाऱ्याला आम्ही किल्लेदार म्हणतो. माणूस वाईट नाही, पण नियमाशिवाय त्याचं पान हलत नाही. मी गोडीगुलाबीने मुदत विचारून घेतो. तोवर तू आत्याला काही बोलू नकोस, आणि मुख्य म्हणजे स्वतः काही करू नकोस. मी तुला ओळखतो.

तुझा
धाकटा


९ फेब्रुवारी

धाकट्या,

तू मला ओळखतोस हे बरं झालं, म्हणजे फार धक्का बसणार नाही. तुझं पत्र आलं त्याच दिवशी मी तुमच्या कार्यालयाच्या नावाने अर्ज लिहिला आणि रजिस्टर पोस्टाने पाठवला. यादीतला क्रमांक तू पत्रात लिहायला विसरलास, पण नाव आणि शीर्षक होतं, तेवढं पुरे. तू गोडीगुलाबीने विचारायला लागलास की वर्ष जातं. तुझ्या लग्नाच्या वेळीही मुलीकडच्यांना होकार मीच कळवला होता.

आत्याला बोलले नाही. पण तिला वास लागलाय. काल म्हणाली, "तुझं पाऊल आज हलकं पडतंय, काय झालं?" आता माझं पाऊल! तिला उचलून खुर्चीत बसवून, परत उचलून पलंगावर, माझी कंबर कामातून गेली. तिची नजर गेली, पाय गेले, पण कान आणि जीभ दोन्ही शाबूत आहेत. परवा तिला पेज भरवत होते, तर म्हणते, "जरा हळू, मी काही शाळेतली वही नाही भराभर तपासायला."

मी दमलेय रे. तक्रार नाही करत, नुसतं सांगते. आपली आई गेल्यावर तिनेच आपल्याला वाढवलं, तेव्हा तीही दमत असेलच. पण तेव्हा ती तरुण होती, आणि मी आता साठी ओलांडलीय.

उत्तर लवकर दे.

ताई


२० फेब्रुवारी

ताई,

मी कपाळाला हात लावून बसलोय. रागावून लिहिणार होतो, पण रागवायचंही त्राण नाही.

नियम समजून घे. तुरुंगाची फाईल तिच्यातल्या शेवटच्या कागदाच्या तारखेपासून तीस वर्षं बंद. ठीक आहे, गोरे जाऊन सत्तरहून जास्त वर्षं झाली, म्हणजे कधीच उघडायला हवी होती. मी किल्लेदाराला तेच म्हणालो. तो म्हणाला, "शेवटचा कागद गेल्या आठवड्यातला आहे."

कार्यालयाची पद्धत अशी, की एखाद्या फाईलबद्दल कुणाचा अर्ज आला की तो त्याच फाईलला शिवून टाकायचा. सुई-दोऱ्याने, डाव्या कोपऱ्यात. तुरुंग खात्यातही हीच पद्धत होती. अर्ज शिवला की तोच शेवटचा कागद, आणि तिथून पुन्हा तीस वर्षं.

आता आत्याचा विचार कर. तिने किती पत्रं पाठवली असतील? आपण लहान असताना पाठवायची, माझ्या नोकरीनंतर पाठवली, डोळे जायच्या आधीचं तर मीच पेटीत टाकलं होतं. दर वेळी तिला छापील उत्तर यायचं, 'आपला अर्ज मिळाला', आणि ती म्हणायची, बघा, मिळाला. मिळायचाच, आणि शिवला जायचा. या घराने काहीच विचारलं नसतं, तर मी नोकरीला लागलो तेव्हा ती फाईल उघडी असती. तिच्या पत्रांनीच ती बंद ठेवली.

आणि वर तुझा अर्ज. सोमवारी आला, मंगळवारी शिवला. आमच्या कार्यालयात एवढ्या तातडीने झालेलं दुसरं काम मी पाहिलेलं नाही.

यातलं काही आत्याला सांगू नकोस. हे तिला कळलं तर ती मोडून पडेल.

धाकटा


२८ फेब्रुवारी

धाकट्या,

पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा हसू आलं, मग स्वयंपाकघरात जाऊन रडले. शाळेत मी मुलांना सांगायची, विचारा, विचारल्याशिवाय कळत नाही. आणि स्वतःच्या हाताने पायावर धोंडा पाडून घेतला तो असा.

एक तुझ्यापासून लपवलं होतं, ते आता सांगते. जानेवारीत डॉक्टर येऊन गेले. आत्याचं हृदय थकलंय. औषध लिहून दिलं, पण जाताना मला दाराबाहेर बोलावून म्हणाले की आता फार धावपळ करू नका, जे खावंसं वाटेल ते द्या. म्हणून मी घाई केली. अर्ज पाठवला तो काही उतावळेपणा म्हणून नाही. तू उगाच घाबरशील आणि रजा टाकून येशील म्हणून बोलले नाही.

ती अजून त्याच एका गोष्टीवर आहे. परवा भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "आई गेली तेव्हा तिला नीट नेऊन ठेवलं, भाऊ गेला तेव्हा ठेवलं. माझा बापच तेवढा कुठे आहे ते माहीत नाही." मी म्हटलं, आत्या, आता पंच्याऐंशी वर्षांची झालीस, सोड ना. तर म्हणाली, "तू सोडलंस की मी सोडीन."

तुझा तो किल्लेदार माणूसच आहे ना? त्याच्या पाया पड, त्याच्या दारात बस, काय ते कर. यातून वाट काढ. मला माहितीये, तू आयुष्यात कधी कुणाशी भांडला नाहीस. या एका कामासाठी भांड.

ताई


१९ मार्च

ताई,

भांडलो नाही. पण रोज जेवणाच्या सुट्टीत त्याच्या टेबलासमोर जाऊन बसलो. काही बोललो नाही, डबा तिथेच उघडून खाल्ला. चौथ्या-पाचव्या दिवशी त्याने वैतागून नियमांचं पुस्तक काढलं आणि माझ्याकडे सरकवलं. म्हणाला, "तुम्हीच शोधा, आणि मला सुखाने जेवू द्या."

वाट सापडली आहे, पण ती मला आवडलेली नाही. अर्जदाराने आपला अर्ज मागे घेतला तर कार्यालयाला तो परत द्यावा लागतो. फाईलमधून दोरा उसवून काढायचा आणि द्यायचा. म्हणजे आत्याने तिचे सगळे अर्ज आणि तू तुझा एक मागे घेतलात, तर शेवटचा कागद गोऱ्यांच्या काळातला उरेल आणि फाईल त्याच दिवशी उघडी होईल.

मागे घेताना लिहून द्यावं लागतं, की 'या बाबतीत माझी आता कोणतीही मागणी नाही'. वाक्य ठरलेलं आहे, बदलता येत नाही. मी किल्लेदाराला विचारलं, थोडं सौम्य करता येईल का. तो म्हणाला, सौम्य केलं तर तो नवा अर्ज धरला जाईल आणि शिवला जाईल.

जिने जन्मभर हेच मागितलं तिने मागणी नाही असं लिहून द्यायचं. मला तर कागद पाठवतानाच लाज वाटते आहे. सोबत दोन कोरे नमुने आहेत. तिला नीट समजावून सांग. अर्जांनी फाईल बंद राहिली हे सांगायचं की नाही ते तू ठरव, पण सही कशावर करते आहे ते तिला कळलं पाहिजे. भरलेले कागद कार्यालयाला पाठवू नकोस, माझ्या घरी पाठव. मी हातात घेऊन जाईन आणि ते भलत्या ठिकाणी शिवले जात नाहीत ना, याची खात्री होईपर्यंत तिथून हलणार नाही.

धाकटा


२ एप्रिल

धाकट्या,

दोन्ही कागद सोबत आहेत. आत्याची सही जरा वाकडी आहे, पण तिचीच आहे. काही विचारू नकोस. काम उरक.

तिचे पाय सुजलेत. बाकी ठीक.

ताई


१५ एप्रिल

ताई,

आत्याने मन फार मोठं केलं. तिला माझा नमस्कार सांग. समजावताना तुलाही जड गेलं असेल, तुझ्या चार ओळींवरूनच ते कळलं.

आता जे लिहितो ते बसून वाच.

शुक्रवारी मी कागद घेऊन गेलो. किल्लेदाराने फाईल मागवली, अर्ज मोजून नोंदीशी ताडून बघायचे म्हणून. फाईल जाडजूड. दोन्ही हातांनी धरावी लागली. मला वाटलं, केवढी माहिती असेल आत. दोरा मीच उसवला, ते काम मला येतं. वरून एकेक कागद काढत गेलो. तुझा अर्ज, मग आत्याचे, प्रत्येकाला छापील उत्तराची प्रत. शाई बदलत गेली, कागद पिवळा होत गेला, तिचं अक्षर मोठ्या बाईचं होतं ते लहान मुलीचं झालं. शेवटी तळाशी एक अर्धा कागद राहिला, गोऱ्यांच्या भाषेतला, टंकलेला. त्यावर एवढंच, की या फाईलमधले सर्व कागद राज्य सोडण्यापूर्वी आदेशाप्रमाणे जाळले. यादीतला क्रमांक रिकामा दिसू नये म्हणून पुठ्ठा ठेवला आहे. खाली सही, तीही वाचता येत नाही.

बस, एवढंच. आत काही नव्हतंच, ताई. इतकी वर्षं सरकारने कुलपात जपलं ते आत्याचीच पत्रं. कुणी बघितलं नाही, कारण बंद फाईल उघडायची नसते. अर्ज शिवणाऱ्यानेही पुठ्ठा उचलायचा, सुई मारायची, ठेवून द्यायचा. किल्लेदाराने स्वतः उठून मला पाणी आणून दिलं. त्याला कधी असं करताना पाहिलं नव्हतं.

तिचं सगळ्यात पहिलं पत्र मी वाचलं. ती अकरा वर्षांची असेल. गोरे नुकतेच गेले होते, आजीला लिहिता येत नव्हतं, म्हणून हिने लिहिलं. आठवेल तेवढं लिहितो. 'माझे बाबा तुमच्याकडे आहेत. ते मेले असं तिथून सुटून आलेले एक जण सांगतात. मेले असतील तर कुठे ठेवले ते कळवावे. ओळखायला सोपे आहेत. उंच नाहीत. उजव्या अंगठ्याची शाई धुतली तरी जात नाही. डाव्या कुशीवर झोपतात. कुणी हाक मारली तर लगेच ओ देत नाहीत, हातातला शब्द पुरा करून मग देतात. त्यांना थंडी सोसत नाही.' मी साठीला आलोय, ताई, पण किल्लेदारासमोर मला रडू आवरलं नाही. आजोबा कसे होते हे मला आपल्या बाबांनीही कधी सांगितलं नव्हतं. त्यांना तरी कुठे आठवत होतं, ते पाळण्यात होते.

आता खरा पेच ऐक. हे अर्ज मागे घेतले की ते आत्याला परत मिळतील, सगळे, त्या पहिल्यासकट. पण मग फाईलमध्ये फक्त तो जाळल्याचा कागद उरतो, आणि ज्या फाईलमध्ये माणसाबद्दल काहीच नाही ती रद्द करून यादीतून काढायची असा नियम आहे. म्हणजे सरकारदरबारी आजोबांचं नाव कुठेच राहणार नाही. आणि मागे घेतले नाहीत, तर पत्रं तिथेच राहतील, नाव राहील, पण फाईल तुझ्या अर्जापासून तीस वर्षं पुन्हा बंद. तेव्हा आपण तिघांपैकी कुणी असू असं वाटत नाही. नक्कल काढता येत नाही, तेही विचारून झालं.

किल्लेदाराने नोंद अजून केलेली नाही. म्हणाला, महिनाअखेरपर्यंत माझ्या खणात कागद राहू द्या, घरी विचारा. हे ठरवायचा हक्क तुलाही नाही आणि मलाही नाही. आत्याला विचार. जाळल्याचंही सांग. लपवून आता काय मिळणार आहे.

धाकटा


२४ एप्रिल

धाकट्या,

आधी माझं पाप ऐक. मी आत्याला काहीही समजावलं नव्हतं. तिच्या पेन्शनचा, हयात असल्याचा दाखला म्हणून तो कागद पुढे केला आणि सही घेतली. तू नको म्हणाला होतास तेच केलं. समजवायची माझी हिंमतच झाली नाही. तू मन मोठं केलं वगैरे लिहिलंस ते वाचून मला तोंडात मारल्यासारखं झालं.

त्यामुळे तुझं पत्र आल्यावर दोन दिवस मी घरात चोरासारखी वावरत होते. शेवटी परवा सकाळी तिचे केस विंचरायला बसले आणि पाठीमागूनच सगळं सांगितलं. तोंडाकडे बघून जमलं नसतं. आधी सहीचं सांगितलं. तर म्हणाली, "ठाऊक आहे मला. पेन्शनचा कागद तू एवढ्या गोड आवाजात कधी आणला होतास?" मी विचारलं, मग केलीस कशाला? म्हणाली, "दमले होते. तूही दमली होतीस. म्हटलं, होऊन जाऊ दे एकदाचं."

मग अर्जांनी फाईल बंद राहिली ते सांगितलं. तू म्हणालास मोडून पडेल. ती नुसती "हं" म्हणाली. मग जाळल्याचं सांगितलं. तेव्हा मात्र माझ्या हातातली तिची मान एकदम जड झाली. मी घाबरले, समोर येऊन बघितलं. डोळे मिटून होती, आणि मिटल्या डोळ्यांतून पाणी येत होतं. आवाज नाही. मी तिला इतक्या वर्षांत रडताना पाहिलं नव्हतं. म्हणाली, "जाळायला तरी त्यांना वेळ मिळाला. लिहायला मिळाला नाही."

पेज नको म्हणाली. दुपार गेली. मी तिच्याजवळच बसून राहिले, कामाला हात लागेना. चारच्या सुमाराला तिने मला ते पहिलं पत्र वाचून दाखवायला सांगितलं, तू लिहिलंस तेवढं. मी वाचलं. 'थंडी सोसत नाही' इथे तिने मला थांबवलं आणि म्हणाली, "पुढे आणखी होतं. त्यांचा कोट घरीच राहिला, तो पाठवायचा तर कुठे पाठवू, असं मी विचारलं होतं." तुला ते आठवलं नाही, तिला आठवतंय.

मी दोन्ही बाजू नीट सांगितल्या. पत्रं घरी आणायची, की आजोबांना तिथे राहू द्यायचं. मी म्हटलं, आत्या, घाई नाही, महिनाअखेर आहे. तिने विचार करायला वेळ घेतलाच नाही. "मागे घेऊ नकोस," म्हणाली. "पत्रं इथे आणून मी काय करू, मला दिसत नाही. तुझ्यानंतर ती रद्दीत जातील. तिथे कुलूप आहे, माणूस आहे, तीस वर्षं कुणी हात लावणार नाही. तीस वर्षांनी उघडतील तेव्हा त्यांना वाचावंच लागेल."

म्हणजे आपले दोन्ही कागद किल्लेदाराच्या खणातून काढून घे आणि फाडून टाक. आणि पत्रं ज्या क्रमाने होती त्याच क्रमाने शिव, तूच शिव, दुसऱ्या कुणाच्या हाती देऊ नकोस. हे तिचं सांगणं आहे.

तेव्हापासून ती शांत आहे. आज थोडी पेज घेतली. पायांची सूज तशीच आहे, डॉक्टर उद्या येतील. जमलं तर रजा काढ आणि ये. या वेळी मी खरंच बोलावते आहे.

मघाशी तिने हाक मारली. मला वाटलं, कूस बदलायची असेल. तर तिने तुला काही विचारायला सांगितलं आहे. बाबांना ठेवलंय ती खोली कशी आहे. कोरडी आहे का, थंडीत फार गार तर पडत नाही ना. मी म्हटलं, फोन लावते, तूच विचार. नको म्हणाली, त्याला लिही, तो जाऊन बघून मग लिहील. तेव्हा जाऊन बघ आणि लगेच कळव. ती वाट बघते आहे.

ताई